ॲप्रेंटिसशिप सोडून डिप्लोमा करू का?

प्रश्न : दहावीनंतर दोन वर्षांचा फिटरचा आयटीआय केला. सध्या चाकणला ॲप्रेंटिस आहे. एक एजन्सी म्हणते, ‘ट्रेनिंगसोबत डिप्लोमा देतो’. घेऊ का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : आधी एवढंच विचारा, परीक्षा कोण घेणार? इंजिनीअरिंग डिप्लोमाच्या कॉलेजला एआयसीटीईची मान्यता हवी आणि परीक्षा आपल्या तंत्रशिक्षण मंडळाची. उत्तर गुळमुळीत आलं तर एक रुपयाही भरू नका.

ॲप्रेंटिसशिप अर्धवट सोडू नका. प्रमाणपत्र हातात पडू द्या. दहावी आणि आयटीआयच्या जोरावर नंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. तिथे बहुतेकांचं घोडं अडतं ते गणितात, कारण पहिल्या वर्षाचं गणित हुकलेलं असतं. खरं तर ते तुम्ही हाताने केलंय. 100 मिमीच्या साइन बारच्या एका टोकाखाली 50 मिमीचे स्लिप गेज रचले की 30 अंशांचा कोन मिळतो. पुस्तकातला साइन तो हाच. सुरुवात तिथूनच करा.

बारावी हवी असेल तर एनआयओएसमध्ये आयटीआयचे क्रेडिट धरले जातात, सगळे विषय द्यावे लागत नाहीत. नाइट शिफ्टच्या आठवड्यात मात्र अभ्यासाचा हट्ट नको. तळेगाव चौकातल्या कोंडीतून सुटेपर्यंत डोळ्यांवर झापड आलेली असते.

आणि हो, 1961च्या ॲप्रेंटिस कायद्यानुसार ट्रेड थिअरीचा तास मोबदल्याच्या कामातच मोजला जातो. बारावीचा नाही. थिअरीच्या वेळी तुम्हाला लाइनवर उभं करत असतील, तर बीटीआरआय केंद्रात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.