शैक्षणिक तंत्रज्ञान आणि शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण

दिवाळी आटोपली की जालना जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावांच्या शिक्षकांना हे नवे नाही. (आष्टी नावाची गावे बीड, वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांतही आहेत; येथे अभिप्रेत आहे ती जालना जिल्ह्यातील.) आईबापांबरोबर गेलेला तिसरीतील मुलगा हंगाम संपल्यावर वर्गात येऊन बसतो, तेव्हा पाठ भागाकारापर्यंत पोहोचलेला असतो आणि त्याची वजाबाकी मात्र अर्ध्यावरच सुटलेली असते. पडद्यावर भागाकाराची सुबक चित्रफीत चालू असते. ती थांबवून त्या मुलाकडे वळण्याचे काम शिक्षकाचेच होय.

शिक्षणात यंत्राचा उपयोग ही आपल्याकडे कालची गोष्ट नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. महाराष्ट्र त्यात नव्हता. तथापि त्या प्रयोगातील एक भाग आपल्या शिक्षकांनी अवश्य अभ्यासावा असा आहे. सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान विषयाचे प्रशिक्षण देताना केवळ चित्रवाणीवर विसंबून न राहता आकाशवाणी, छापील साहित्य व प्रत्यक्ष कृती यांची जोड देण्यात आली होती. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुणे येथे बालचित्रवाणी स्थापन झाली. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. त्याच वर्षी देशात ‘दीक्षा’ हे संगणकीय व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड दिसू लागले. साधने बदलत गेली, परंतु शिक्षकाने ती कशी वापरावी हा प्रश्न दर वेळी मागे राहिला.

२०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविणारे श्री. रणजितसिंह डिसले यांची ओळख क्यूआर कोडमुळे सर्वत्र झाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत मुलींची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी ती भाषा आत्मसात केली, ही बाब मात्र तितकीशी सांगितली जात नाही. आमच्या मते खरे व्यावसायिक शिक्षण ते हेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावयाचे आहेत. हे तास भ्रमणध्वनीवर चित्रफिती पुढे सरकवून व प्रमाणपत्र उतरवून घेऊनही भरता येतात. त्यातून वर्गात काय बदलते, हे पाहावयास हवे.

एक उदाहरण घेऊ. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ असे उत्तर लिहिते. ही निव्वळ निष्काळजी नव्हे. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा, असा नियम त्याने स्वतःशी ठरविलेला असतो. म्हणून एककाच्या घरात ते सातातून दोन वजा करते. योग्य रीत दाखविणारी चित्रफीत दहा वेळा पाहूनही ते पुन्हा ३५ च लिहील. त्याच्या हाती दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या व दोन सुट्या काड्या देऊन सत्तावीस मागितल्या, तर एक जुडी सोडल्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. चित्रफीत त्यानंतर दाखवावी; ती तेव्हा उपयोगी पडते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांनी अशा चुका असलेल्या पाच-पाच वह्या आणाव्यात, केंद्रप्रमुखांनी परिपत्रकांचे वाचन आवरते घ्यावे आणि मूल काय विचार करीत असेल यावर चर्चा घडवावी. जालन्याजवळील खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांची मासिक चर्चासत्रे दीर्घकाळ भरत आली आहेत. तेथे शेतकरी आपल्या पिकाची अडचण घेऊन येतो. शिक्षकाने आपल्या वर्गाची अडचण घेऊन येण्यात कमीपणा कसला?

ग्रामपंचायत सदस्यांचाही यात वाटा आहे. शाळेचे वीजबिल थकले की पडदा काळा राहतो, हे उघड आहे. त्याहून निकडीचे काम दिवाळीपूर्वीचे. कोणती कुटुंबे बाहेर जाणार व कोणती मुले आजी-आजोबांपाशी राहू शकतील, याची यादी शाळा व्यवस्थापन समितीने पंचायतीच्या साहाय्याने घरोघर फिरून करावी आणि हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. टोळीची गाडी गेल्यानंतर ती यादी केवळ गैरहजेरीची नोंद ठरते.