मध्ये इंग्रजी नको

पुण्याहून आइंडहोव्हनला नोकरीसाठी गेलेल्या एका इंजिनिअर तरुणीने डच शिकायला घेतली, ती इंग्रजीच्या आधाराने. दोन्ही भाषा जर्मानिक कुळातल्या. पाणी म्हणजे ‘वाटर’, पुस्तक म्हणजे ‘बुक’. पहिले काही आठवडे मजेत गेले.

मग सहकाऱ्याने तिला ‘हाल्फ आख्त’ला जेवायला बोलावलं. ब्रिटिश लोक साडेआठला ‘हाफ एट’ म्हणतात, म्हणून ही साडेआठला दारात हजर. डचमध्ये ते साडेसात! जेवण केव्हाच उरकलं होतं. ‘एव्हेन्त्युएल’चंही तेच. ते इंग्रजीतल्या ‘इव्हेंच्युअली’सारखं दिसतं, पण त्याचा अर्थ ‘गरज पडली तर’. साहेबांनी मेलमध्ये जमल्यास करा म्हटलेलं काम तिने ठरलेलं समजून रात्र जागून पुरं केलं.

आता ती नवख्यांना सांगते, मधला इंग्रजी दुभाषा काढून टाका. ‘इक खा मॉर्खन मेट द ट्रेन नार युट्रेख्त’ हे वाक्य मराठीशेजारी ठेवा: मी उद्या ट्रेनने युट्रेख्तला जाते. आधी वेळ, मग साधन, मग ठिकाण, सगळं ओळीने जुळतं. फक्त ‘खा’ हे क्रियापद दुसऱ्या जागेवर ठाण मांडून बसतं. सुरुवात ‘मॉर्खन’ने केली तरी ते हलत नाही, कर्ताच मागे सरकतो: ‘मॉर्खन खा इक’. पण ‘ऑमदात’, म्हणजे ‘कारण’, आलं की क्रियापद शेवटी जातं: ‘ऑमदात इक झीक बेन’, कारण मी आजारी आहे. इंग्रजीच्या सवयीने बोलणारे इथे हमखास अडखळतात. मराठी माणसाने अडखळायचं कारण नाही. ४५ ला डच लोक ‘फाइफ-एन-फेर्तख’ म्हणतात, पाच आणि चाळीस. पंचेचाळीस म्हणणाऱ्याला त्यात नवल ते काय!

लिंगापाशी मात्र मराठीही हात टेकते. घर आणि पुस्तक नपुंसकलिंगी, डचमध्येही ती ‘हेट’ या नपुंसकलिंगी उपपदाची; पण हा योगायोग. टेबल निघतं ‘द टाफल’. तेव्हा नाम पाठ करायचं ते ‘द’ किंवा ‘हेट’सकटच. त्यातल्या त्यात दिलासा असा की अनेकवचनात सगळ्यांनाच ‘द’ लागतं.

व्याकरण जमलं तरी एक अडचण उरते. अडखळती डच ऐकली की समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीवर येतो. ही बेकरीत उत्तर डचमध्येच देत राहते. दोन-चार वाक्यांत बहुतेक जण पुन्हा डचवर येतात.