विमानात माल चढवण्यापूर्वी



पांडेसरा, सचिन, उधना या भागांतून आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी डाइंग मिलमध्ये, रसायनांच्या कारखान्यात किंवा पार्सलच्या कार्यालयात कामाला असते. ड्रमवर चिकटवलेली ती चौकटीतली चित्रे, म्हणजे कवटी, ज्वाळा, हातावर सांडणारा थेंब, आपल्यातील पुष्कळांनी पाहिलेली आहेत. तोच माल विमानाने जायचा झाला की नियम फार कडक होतात. ते का, हे या वेळी पाहू.

निमित्त झाले दिवाळीच्या फराळाचे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने परदेशातील मुलाला खोके पाठवायचे ठरवले. चकल्या, अनारसे, कपडे, आणि मध्ये दडवलेली अत्तराची बाटली, फुलबाज्यांचे एक पाकीट व मोबाइलचा पॉवर बँक. कागदावर लिहिले होते, ‘फराळ व कपडे’. क्ष-किरण तपासणीत खोके अडकले. घरच्यांना राग आला, “एवढ्याशा वस्तूने विमान थोडेच पडते?” हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला.

आधी थोडे विज्ञान. सापुताऱ्याला सहलीला गेलो तेव्हा वेफर्सची पाकिटे टम्म फुगली होती, आठवते? सापुतारा साधारण १००० मीटर उंचीवर आहे. विमान उंच उडत असताना आतील हवेचा दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरील हवेइतका उतरू शकतो. समुद्रसपाटीला दाब १०१ किलोपास्कल, तेथे सुमारे ७५. फरक २६. आता १० सेंमी लांब व १० सेंमी रुंद झाकण घ्या. त्याचे क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर, म्हणून आतून लागणारे बल २६० न्यूटन. म्हणजे झाकणावर २६ किलोचे पोते ठेवावे, तेवढे, पण आतून बाहेर! म्हणून द्रव पदार्थांच्या बहुतेक धोकादायक मालासाठी डबा-बाटली ९५ किलोपास्कलचा फरक न गळता सोसणारी हवी. शिवाय ती काठोकाठ भरायची नाही. ५५ अंश सेल्सिअसला द्रव प्रसरण पावला तरी आत जागा उरली पाहिजे.

आता एक खरी घटना. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन अॅम कंपनीचे बोइंग ७०७ मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडकडे निघाले. मालात नत्राम्ल होते. सोनार सोन्याचा कस पाहण्यासाठी वापरतात ते तेजाब म्हणजे हेच. काचेच्या बाटल्या लाकडी पेट्यांत ठेवून भोवती लाकडाचा भुसा भरला होता. आपल्याकडे आंब्याच्या पेटीत गवत घालतात, तशीच समजूत असावी, की बाटली फुटू नये. पण नत्राम्ल हे ऑक्सिडीकारक आहे. ते गळून भुशाला लागले की भुसा तापतो व आपोआप पेटतो, काडी लावावी लागत नाही. काही पेट्या तर आडव्या ठेवलेल्या होत्या. धूर वैमानिक कक्षात भरला. बोस्टनला उतरण्याच्या प्रयत्नात विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले व तिघेही कर्मचारी मृत्यू पावले. चौकशीत आढळले की नियम होते. पाठवणारा, पॅकिंग करणारा, चढवणारा यांपैकी अनेकांना ते ठाऊक नव्हते किंवा त्यांनी ते पाळले नव्हते.

पुढे १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यासाठी स्वतंत्र परिशिष्ट १८ स्वीकारले. भारताने २००३ मध्ये आपले नियम केले. धोकादायक मालाच्या नऊ श्रेणी आहेत. सगळ्या पाठ करण्याची गरज नाही; श्रेणी ३ म्हणजे ज्वलनशील द्रव (अत्तर यातच), ५ ऑक्सिडीकारक, ८ दाहक आम्ले, ९ मध्ये लिथियम बॅटरी, एवढे पुरे. ३ आणि ५ शेजारी ठेवायचे नाहीत, हे भुशाच्या गोष्टीवरून कळेलच. विषारी माल खाद्यपदार्थांजवळ नको. बाण वरच्या दिशेला, खोके हलणार नाही असे बांधलेले, आणि चढवण्यापूर्वी गळती पाहायची. काही मालावर ‘फक्त मालवाहू विमानासाठी’ असे नारिंगी लेबल असते. त्यातील बराचसा माल उड्डाणातही कर्मचाऱ्याचा हात पोहोचेल असा ठेवावा लागतो. कुठे काय ठेवले आहे, हे उड्डाणापूर्वी मुख्य वैमानिकाला लेखी द्यावे लागते.

हा सगळा डोलारा उभा असतो तो पाठवणाऱ्याने लिहिलेल्या कागदावर. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानाला आग लागली व दोन्ही वैमानिक गेले. आत ८० हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या, आणि किमान तीन खेपा श्रेणी ९ म्हणून नोंदवायला हव्या असताना तशा नोंदवलेल्या नव्हत्या. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवण्यास बंदी आली. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भारित नसाव्यात, असे ठरले.

जमिनीवरही निराळे नाही. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे आपल्या सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले. विषारी वायू पसरून किमान सहा कामगार मरण पावले. आत काय आहे व ते कशात मिसळणार आहे, हे जवळ झोपलेल्यांना कोण सांगणार होते?

त्या कुटुंबाचे खोके परत आले. पॉवर बँक, अत्तर व फुलबाज्या काढल्या, एकेक वस्तू लिहून नवा कागद केला. फराळ भाऊबीजेनंतर चार दिवसांनी पोहोचला. अनारसे मऊ पडले होते, चकल्या मात्र कुरकुरीत होत्या, असा फोन आला.