विद्यापीठातील गणिती सॉफ्टवेअर : उपलब्धता आणि अध्ययन

अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र अशा अनेक विद्याशाखांत आज गणिती सॉफ्टवेअरचा वापर अपरिहार्य झाला आहे. पुलावरील भार, औषधाचे शरीरातील प्रमाण किंवा पावसाचा अंदाज यांसारख्या प्रश्नांत शेकडो समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात व ते काम कागद-पेन्सिलीच्या आवाक्याबाहेरचे असते. मात्र हे साधन सर्व विद्यार्थ्यांना सारखेच उपलब्ध होते काय, आणि उपलब्ध झाल्यावर ते कसे शिकावे, असे दोन प्रश्न उरतात. पहिला प्रश्न समान संधीचा, तर दुसरा अध्ययनपद्धतीचा आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा विचार केला आहे.

दोन प्रमुख प्रकार

गणिती सॉफ्टवेअरचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात आकडेमोड केली जाते. त्यात उत्तर दशांश अपूर्णांकात मिळते व ते बहुधा आसन्न, म्हणजे जवळपासचे असते. मॅटलॅब, सायलॅब आणि ऑक्टेव्ह ही या प्रकाराची उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात अक्षरचिन्हांवर बीजगणिती क्रिया होतात. अवयव पाडणे, अवकलन व समाकलन करणे ही कामे त्यात नेमकेपणाने होतात. मॅथेमॅटिका, मेपल व मॅक्सिमा या प्रकारात मोडतात. संख्याशास्त्रासाठी 'आर' ही स्वतंत्र प्रणाली आहे, तर पायथन या संगणकभाषेला पूरक ग्रंथालये जोडून दोन्ही प्रकारची कामे करता येतात.

वर्गात जन्मलेली साधने

यांपैकी अनेक साधने विद्यापीठातील अध्यापनाच्या गरजेतून निर्माण झाली, ही बाब विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाचे प्राध्यापक क्लीव्ह मोलर यांनी मॅटलॅबची पहिली आवृत्ती लिहिली. विद्यार्थ्यांना फोर्ट्रान भाषेत लांबलचक कार्यक्रम न लिहिता सारण्यांचे, म्हणजेच मॅट्रिक्सचे गणित करता यावे, हा त्यांचा हेतू होता. १९८४ मध्ये मॅथवर्क्स ही कंपनी स्थापन झाली आणि मॅटलॅब व्यापारी उत्पादन बनले. ऑक्टेव्हची कल्पना रासायनिक अभियांत्रिकीच्या एका पाठ्यपुस्तकाला सोबत म्हणून पुढे आली व जॉन ईटन यांनी १९९२ पासून तिला आकार दिला. 'आर' ही प्रणाली न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या अध्यापकांनी घडवली. फ्रान्समधील इन्रिया या शासकीय संशोधन संस्थेत सायलॅबचा विकास झाला. मॅक्सिमाचे मूळ मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील 'मॅकसिमा' (Macsyma) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीत आहे.

परवान्याचा प्रश्न

व्यापारी सॉफ्टवेअर विकत घेतले म्हणजे ते मालकीचे होते, असे नाही. खरेदीदाराला मिळतो तो वापराचा परवाना. काही परवाने एका व्यक्तीपुरते वा एका संगणकापुरते असतात. काही परवाने जाळ्यावर वाटून घेतले जातात. समजा, संस्थेने असे ५० परवाने घेतले, तर एका वेळी ५० जणच काम करू शकतात व ५१व्या विद्यार्थ्याला कोणी बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते. तिसरा प्रकार संपूर्ण परिसरासाठीच्या परवान्याचा असून त्यात विद्यार्थ्यांना स्वतःच्या संगणकावरही सॉफ्टवेअर वापरता येते. मोठ्या व साधनसंपन्न संस्था हा मार्ग स्वीकारतात.

भारतातील परिस्थितीत येथेच अडचण उद्भवते. आपल्याकडील पदवी शिक्षण मुख्यत्वे संलग्न महाविद्यालयांतून चालते. विद्यापीठाच्या परिसरासाठी घेतलेल्या परवान्याचा लाभ जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयाला आपोआप मिळत नाही. अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक, पण प्रयोगशाळा वेगळी, अशी विषमता त्यातून निर्माण होते. शिवाय पदवी पूर्ण होताच शैक्षणिक परवाना संपतो आणि चार वर्षे हाताळलेले साधन विद्यार्थ्याच्या हातून जाते.

या अडचणीवर बेकायदा प्रत हा उपाय नव्हे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ अन्वये संगणक-कार्यक्रमाला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे व कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रतीचा जाणूनबुजून वापर हा दंडनीय गुन्हा आहे. अशा प्रतींतून संगणकाला अपायकारक कार्यक्रमांची बाधा होण्याचा धोकाही असतो.

मुक्त स्रोताचा मार्ग

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे केवळ फुकट सॉफ्टवेअर नव्हे. ते कोणत्याही हेतूने वापरणे, त्याची रचना अभ्यासणे, त्यात बदल करणे व ते इतरांना देणे, अशी चार स्वातंत्र्ये त्यात अभिप्रेत असतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील दुसरे स्वातंत्र्य विशेष मोलाचे आहे. एखादे समीकरण सॉफ्टवेअरने कोणत्या रीतीने सोडवले, हे मूळ संहिता उघडून पाहता येते.

केंद्र शासनाने २००९ मध्ये माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. या अभियानाच्या साहाय्याने मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'फॉसी' हा प्रकल्प उभा राहिला. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार हे त्याचे उद्दिष्ट होय. त्यातील दोन उपक्रम उल्लेखनीय आहेत. पहिल्या उपक्रमात विद्यार्थी एखाद्या प्रमाणित पाठ्यपुस्तकातील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहितात. तपासणीनंतर त्यांना मानधन मिळते व ते काम सर्वांसाठी खुले होते. दुसऱ्या उपक्रमात महाविद्यालयाची प्रयोगशाळा व्यापारी सॉफ्टवेअरवरून मुक्त सॉफ्टवेअरवर आणण्यास साहाय्य केले जाते.

याच संस्थेतील 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प अध्ययनाची बाजू सांभाळतो. सुमारे दहा मिनिटांचा एकेक ध्वनिचित्र-पाठ ऐकत विद्यार्थ्याने तीच कृती आपल्या संगणकावर करावयाची असते. पडद्यावरील मजकूर इंग्रजीत राहतो. निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत करण्यात आले आहे. त्यामुळे इंग्रजी समजण्यास अडचण असलेल्या विद्यार्थ्यालाही पाठ अनुसरता येतो. २०१५ मध्ये केंद्र शासनाने आपल्या ई-प्रशासन प्रणालींसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले.

शिकावे कसे?

सॉफ्टवेअर हाती आले म्हणजे विषय आला, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो चुकीचा आहे. लहान उदाहरण आधी हाताने सोडवावे, तेच संगणकावर करावे आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच मोठ्या उदाहरणाकडे वळावे, हा क्रम उपयुक्त ठरतो.

उदाहरणार्थ, २ चे वर्गमूळ काढावयाचे आहे. एक अंदाज घ्यावा, २ ला त्या अंदाजाने भागावे आणि अंदाज व भागाकार यांची सरासरी काढावी. ही सरासरी म्हणजे पुढचा, अधिक चांगला अंदाज होय. १ पासून आरंभ केल्यास क्रमाने ३/२, १७/१२ आणि ५७७/४०८ हे अपूर्णांक मिळतात. यातील तिसरा अपूर्णांक म्हणजे १.४१४२१५६... होय. बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदीच्या रचनेसाठी २ च्या वर्गमूळाची जी किंमत सांगितली आहे, तीही नेमकी ५७७/४०८ इतकीच येते. इथपर्यंतचे गणित वहीत करता येते. चौथा टप्पा संगणकावर सोपवल्यास ६६५८५७/४७०८३२ ही किंमत मिळते व तिची दशांश चिन्हानंतरची पहिली ११ स्थळे अचूक असतात. पहिले तीन टप्पे स्वतः केलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या टप्प्यात यंत्राने काय केले, हे समजते. केवळ वर्गमूळाची आज्ञा देणाऱ्याला ते समजत नाही.

उत्तराची पारख

संगणकाचे उत्तर नेहमी विश्वसनीय असते काय? पुढील समीकरणे पाहू. क्ष + य = २ आणि क्ष + १.०००१ य = २ यांचे उत्तर क्ष = २, य = ० असे येते. आता दुसऱ्या समीकरणाची उजवी बाजू २ ऐवजी २.०००१ करावी. उत्तर क्ष = १, य = १ असे होते. मोजमापात दहा हजारांश इतका फरक पडला आणि उत्तर पूर्णपणे पालटले. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. दोन्ही समीकरणांच्या रेषा जवळजवळ समांतर असल्याने हा प्रश्नच अतिसंवेदनशील आहे. मोजमाप प्रयोगशाळेतून आलेले असेल, तर अशा उत्तरावर विसंबण्यापूर्वी विचार करणे आवश्यक ठरते.

दुसरे कारण यंत्राच्या रचनेत आहे. संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवतो व त्या पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकेपणाने लिहिता येत नाही. म्हणूनच बहुतेक प्रणालींत ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही. सतराव्या दशांश स्थळी फरक उरतो. हा फरक क्षुल्लक वाटला, तरी तो साचत जातो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणारे स्कड क्षेपणास्त्र रोखू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशात मोजत होती व ०.१ ही किंमत २४ द्विमान अंकांत तोडून साठवलेली होती. सुमारे १०० तास अखंड चालल्यानंतर ही चूक सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत वाढली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते.

मर्यादांचे भान

मुक्त सॉफ्टवेअर सर्वच बाबतींत सरस आहे, असा याचा अर्थ नाही. वाहन व विमान उद्योगांत मॅटलॅब व त्याच्या जोडीच्या सिम्युलिंकचा मोठा वापर होतो, त्यांच्या विशेष साधनसंचांना मुक्त प्रणालींत दरवेळी तोडीस तोड पर्याय सापडत नाही आणि कंपनीकडून मिळणारे तांत्रिक साहाय्यही महत्त्वाचे असते. तथापि, सारण्यांचे गणित, आलेख, विकलक समीकरणे, संख्याशास्त्र या पदवी स्तरावरील गरजा मुक्त प्रणालींतून पुरेशा भागतात. ऑक्टेव्हची लेखनपद्धती मॅटलॅबशी बरीच मिळतीजुळती असल्याने एकावर शिकलेले दुसऱ्यावर उपयोगी पडते.

समारोप

गणिती सॉफ्टवेअरची उपलब्धता हा संस्थेच्या अंदाजपत्रकाचा प्रश्न उरू नये, यासाठी मुक्त स्रोत व भारतीय भाषांतील पाठ यांनी मार्ग खुला केला आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही आता त्याच साधनावर अभ्यास करू शकतो आणि पदवीनंतरही ते त्याच्याजवळच राहते. परंतु साधन सर्वांना मिळाल्यावर खरा फरक पडतो तो उत्तर तपासण्याच्या सवयीने. ती सवय कोणत्याही परवान्यासोबत मिळत नाही. ती वहीतील पहिल्या तीन टप्प्यांतूनच लागते.

सरावासाठी प्रश्न

१. आकडेमोड करणारे व बीजगणिती क्रिया करणारे सॉफ्टवेअर यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. संलग्न महाविद्यालयांच्या संदर्भात परवाना पद्धतीमुळे कोणती विषमता निर्माण होते? तिच्यावरील उपायांची चर्चा करा.

३. २ या अंदाजापासून आरंभ करून ३ चे वर्गमूळ दोन टप्प्यांत काढा. (उत्तर : ९७/५६)

४. 'संगणकाचे उत्तर हा गणिताचा शेवट नसून तपासणीचा आरंभ आहे.' या विधानाचे परीक्षण करा.