मधपेटी आणण्याआधी मधमाशी शिका

पावसाळा ओसरला की मधपाळांचे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते. पावसाच्या चार महिन्यांत माश्यांना बाहेर पुरेसे खाणे मिळत नाही, वसाहती साखरेच्या पाकावर जगवाव्या लागतात. पुढे फुलोरा वाढतो, राणीमाशी जोमाने अंडी घालू लागते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मध हाती येऊ लागतो. त्यामुळे मधपेट्या घेण्याचा विचार अनेक तरुण शेतकरी याच सुमारास करतात. जोडधंदा म्हणून हा विचार चांगला आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर हे देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाल्यापासून या धंद्याकडे लोकांचे लक्षही वाढले आहे.

आरोग्याच्या सदरात मधमाशा कशाला, असे वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. पेटी विकत मिळते, माश्याही मिळतात. पण माशी चावल्यावर काय करायचे हे विकत मिळत नाही. ते शिकावे लागते, आणि तेही पेटी दारात येण्याआधी.

प्रशिक्षण कोठे मिळते?

पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ही संस्था १९६२ पासून काम करीत आहे. महाबळेश्वर येथे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. मंडळाच्या मध केंद्र योजनेत साहित्यासाठी ५० टक्के अनुदान असते, मात्र त्यासाठी प्रशिक्षण घेणे सक्तीचे आहे. ही अट अडचण समजू नये, ती आपल्या हिताची आहे. अर्जाची चौकशी मंडळाच्या जिल्हा कार्यालयात करावी. अनेक कृषी विज्ञान केंद्रांतही मधमाशापालनाचे वर्ग होतात. जवळच्या केंद्रात पुढचा वर्ग कधी आहे ते विचारून ठेवावे.

वर्गात पेटीची बांधणी, सातेरी व मेलिफेरा माश्यांची निगा, वसाहतीचे विभाजन आणि मधयंत्राने मध काढणे हे शिकवतात. ते शिकाच. पण पुढील गोष्टी नुसत्या ऐकू नका, स्वतःच्या हाताने करून पाहा : तोंडावरची जाळी नीट बांधणे, स्मोकर पेटवून बेताचा धूर देणे, पेटी न दणकवता उघडणे आणि रुतलेली नांगी झटकन काढणे.

दंश झाला म्हणजे काय होते?

कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. त्यामुळे नांगी कातडीत रुतून राहते, तिच्याबरोबर विषाची पिशवीही तुटून येते आणि माशी मरते. ही पिशवी काही वेळ विष सोडीत राहते. म्हणून नांगी नखाने काढावी की चिमट्याने, या वादात न पडता ती लगेच काढावी. दंशाच्या जागेतून जो वास सुटतो तो इतर माश्यांना हल्ल्याची सूचना देतो. तेव्हा पेटीपासून शांतपणे दूर व्हावे, जागा साबणाने धुवावी आणि बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी ठेवावी. चुना, तंबाखू किंवा लोखंड घासणे यांनी विष उतरत नाही, वेळ मात्र जातो.

जागेवर सूज, आग आणि खाज येणे स्वाभाविक आहे. काहींचा सगळा हात सुजतो. दोन-तीन दिवसांत ही सूज उतरू लागते.

धोक्याची लक्षणे

काही थोड्या लोकांना मात्र मधमाशीच्या विषाची ऍलर्जी असते. त्यांना एकच दंश जिवावर बेतू शकतो. दंशानंतर काही मिनिटांत, क्वचित तासाभरात, सर्वांगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, घसा आवळतो, आवाज बसतो, दम लागतो, उलट्या होतात किंवा चक्कर येऊन माणूस कोसळतो. दंश हाताला आणि लक्षणे दुसरीकडे, हीच धोक्याची खूण समजावी.

अशा वेळी उपाय एकच : ऍड्रिनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरील स्नायूत, ताबडतोब. पित्ताची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. फार दम लागत असेल तर टेकून बसवावे. त्याला उभे करू नये, चालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात न्यावे. हे इंजेक्शन महाग नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते असते. कमी पडतो तो वेळ.

पहिल्या दंशाला काही झाले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. ऍलर्जी आधीच्या दंशांनंतर तयार होते. वर्षानुवर्षे वारंवार दंश सोसणाऱ्या मधपाळापेक्षा अधूनमधून दंश होणाऱ्या नवख्याला तिचा धोका अधिक असतो. म्हणून 'आमच्या आजोबांना काही झाले नाही' हा पुरावा नव्हे. मुद्दाम माशी चाववून घेऊन घरच्या घरी परीक्षाही करू नये.

आग्या माशी वेगळी

आग्या माशी पेटीत राहत नाही. तिचे मोहोळ उंच झाडावर, कड्यावर किंवा इमारतीवर लटकते. ते छेडले तर शेकडो माश्या एकदम तुटून पडतात. तोंड झाकून सरळ पळावे आणि बंद खोलीत किंवा वाहनात शिरावे. एकाच वेळी पुष्कळ दंश झाले तर ऍलर्जी नसतानाही विषाचा परिणाम स्नायूंवर व मूत्रपिंडांवर होतो. लघवी लालसर, काळपट किंवा कमी होऊ लागते. म्हणून बरे वाटत असले तरी अशा रुग्णाने दवाखान्यात दाखल व्हावे.

प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी

आपल्या डॉक्टरांना एकदा भेटा. पूर्वी दंशानंतर अंगावर गांधी, दम किंवा चक्कर आली असेल तर ते सांगा. अशा माणसाने ऍलर्जी तज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय पेटीला हात लावू नये. दमेकऱ्यांनी जास्त जपावे. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी ऍटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांपैकी गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण या गोळ्यांमुळे ऍड्रिनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

पेट्या बहुधा वस्तीपासून दूर असतात. तेथे एकट्याने काम करू नका. मोबाइलला रेंज कोठे मिळते आणि रात्री-अपरात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आधीच पाहून ठेवा. आणि शक्य असेल तर प्रशिक्षणाला घरातील आणखी एकाला बरोबर न्या. दंश झालेल्या माणसाला शुद्ध नसेल, तेव्हा शिकलेले उपयोगी पडणार आहे ते त्या दुसऱ्यालाच.