अंजनेरीवरची फुलं मार्चमध्ये कुठे जातात?

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलो. उंचावरच्या थंडीमुळे तिथली झाडं बुटकी राहतात, असं वाटाड्यानं सांगितलं. महिनाभरानं नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर गेलो, तर तिथल्या पठारावरही वीतभर उंचीच्या रोपांवर फुलंच फुलं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग इथली रोपं बुटकी का? आणि मार्चमध्ये याच पठारावर हिरवं पानही दिसत नाही, तेव्हा ती जातात कुठे?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या वाटाड्यानं सांगितलं ते हिमालयापुरतं बरोबर आहे. साधारण दर हजार मीटर चढल्यावर तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. पश्चिम हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या आसपास मोठी झाडं संपतात. त्यापुढे उन्हाळा जेमतेम तीन-चार महिन्यांचा. तेवढ्यात खोड उभारायला सवडच मिळत नाही, आणि उभारलं तरी बर्फाळ वाऱ्यात ते टिकत नाही. म्हणून तिथल्या वनस्पती जमिनीला चिकटून राहतात. फेनकमळ तर अंगभर पांढऱ्या लोकरीसारखे केस पांघरून बसतं.

आपल्याकडच्या डोंगरांची उंची त्यामानानं किरकोळ. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ आणि अंजनेरी सुमारे १३०० मीटर. एवढ्या उंचीवर थंडीनं झाडं खुंटत नाहीत. अंजनेरीच्याच घळींमध्ये चांगली दाट झाडी आहे. पठारावरच्या रोपांना बुटकं ठेवतो तो कातळ.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेला हा काळा बेसॉल्ट. पठारावर त्याच्यावर मातीचा थर कुठे चार बोटं, कुठे वीतभर. मोठं मूळ धरायला जागाच नाही. त्यात पाण्याचा कहर. इगतपुरीकडच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा पठारावर पाणी साचून मुळं गुदमरतात आणि मातीतली पोषकद्रव्यं वाहून जातात. ऑक्टोबर सरला की तोच कातळ तापायला लागतो आणि पुढचे सात-आठ महिने पाण्याचा थेंब नाही. हिमालयातल्या रोपाला बर्फ कोंडून ठेवतो, आपल्या रोपाला उन्हाळा. दोघांच्याही हाती वर्षातले तीन-चार महिनेच उरतात. म्हणून दोन्हीकडची रोपं इतकी सारखी दिसतात.

आता ती मार्चमध्ये कुठे जातात, ते पाहू. बरीचशी तिथेच असतात, आपल्या पायाखाली.

सोनकी आणि तेरडा यांचा मार्ग सोपा : पावसात उगवायचं, सप्टेंबरात फुलायचं, बी टाकून मरायचं. उन्हाळा काढतं ते फक्त बी. गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांची जांभळी फुलं साचलेल्या पाण्यात दिसतात, त्यांचंही बव्हंशी असंच. पण सीतेच्या आसवांनी निकस मातीवरही तोड काढली आहे. चिखलातल्या त्यांच्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी धडकला, की सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात तो आत ओढला जातो आणि तिथेच पचतो. माती देत नाही ते नत्र हे रोप शिकार करून मिळवतं.

दुसरा मार्ग कंदाचा. आभाळी, रानहळद, कितीतरी भुई आमऱ्या पावसाळ्यात कमावलेलं सगळं कंदात भरतात आणि वरचं रोप वाळू देतात. शेतकऱ्याच्या घरातली कणगी भरलेली असावी, तसा तो कंद जूनच्या पहिल्या सरीपर्यंत पुरतो. पाऊस आला की आठवड्या-दोन आठवड्यांत रोप वर येतं, कारण शिदोरी तयार असते.

या कंदवाल्यांमध्ये नाशिककरांनी ओळखायलाच हवी अशी एक वनस्पती आहे : अंजनेरीचं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ साली शास्त्रज्ञांनी या गडावरून तिची जगाला प्रथम ओळख करून दिली. सेरोपेजियांचे जाणकार, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव त्या शास्त्रज्ञांपैकी एक. आज तिची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींमध्ये होते. ऑगस्ट-सप्टेंबरात गवतात गुडघे टेकून बसलं तरच तिचं फूल नीट दिसतं. खाली फुगीर बुड, त्यावर अरुंद नळी आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला घुमट. कंदीलपुष्पांच्या नळीत खाली वळलेले केस असतात. वासानं आलेली बारीक माशी आत घसरते, पण त्या केसांमुळे परत चढू शकत नाही. बुडाशी धडपडताना तिच्या अंगाला पराग चिकटतात. मग केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी सुटून दुसऱ्या फुलाकडे जाते. बारीक माशीला असं धरून ठेवल्यानं परागीभवनाची खात्री वाढते.

तिसरा मार्ग मला सर्वांत थक्क करतो. कातळाच्या भेगांत ट्रायपोगॉन नावाचं बारीक गवत असतं. उन्हाळ्यात हात लावला तर पाती कुरकुरीत, सगळं पाणी गेलेलं. कुणीही मेलं म्हणावं. पण पाणी मिळालं, की तीच जुनी पाती उलगडतात आणि पुन्हा हिरवी होतात. सुकताना हे गवत पेशींमध्ये साखर साठवतं. ती साखर घट्ट होऊन पेशींची आवरणं आणि प्रथिनं जागच्या जागी धरून ठेवते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत. त्याआधी इथल्या फक्त नऊ माहीत होत्या. दुष्काळात तगणारी पिकं घडवायची, तर हे सगळे शिक्षक आपल्या दाराशी आहेत.

प्रश्न : कंदीलपुष्पाचा कंद आणून गच्चीवर कुंडीत लावता येईल का?

उत्तर : नाही, आणि कृपया तसा प्रयत्नही करू नये. वनक्षेत्रातून रोप किंवा कंद उपटणं हा गुन्हा आहे. शिवाय तो कंद त्या कातळाच्या, त्या पाण्याच्या आणि त्या माश्यांच्या संगतीत घडलेला असतो. कुंडीतल्या सुपीक मातीत नि रोजच्या पाण्यात तो बहुधा कुजतो. अतिसंकटग्रस्त वनस्पतीचा एक कंद गेला, की पुढच्या कित्येक वर्षांचं बी गेलं. ही फुलं लावून पाहण्याचं काम जाणकारांचं आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पं जपून वाढवली आहेत, तिथे ती जरूर पाहावीत.

अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तरीही तिथली चार बोटं माती वाचते ती येणाऱ्याच्या वागण्यावर. ही रोपं दुष्काळ सोसतात, पूर सोसतात. पण पायवाट सोडून धावणारे पाय, पठारावर चढवलेली दुचाकी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माणसानं लावलेला वणवा त्यांना सोसत नाही. एकदा वाहून गेलेली माती कातळावर पुन्हा जमायला कित्येक पिढ्या लागतात. म्हणून यंदा सप्टेंबरात गडावर जाल तेव्हा मळलेली वाट सोडू नका, फोटोसाठी फुलांत बसू नका. आणि मार्चमध्ये जाल तेव्हा ते पठार ओसाड समजून पेटती काडी टाकू नका. तिथलं सगळं बी आणि सगळे कंद त्या मातीतच आहेत.