पेट्रोलचा डबा कोठे ठेवावा?

मंडळी, आज आपण एका डब्याची हकिकत वाचू. ही हकिकत आमच्या शेजारच्या आबांच्या घरची आहे.

आबा गावात दूध गोळा करतात. दुधातली फॅट तपासायचे यंत्र विजेवर चालते. आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून आबांनी एक लहान जनरेटर घेतला. तो पेट्रोलवर चालतो. पंप गावापासून लांब. मग आबा एकदम दहा लिटर पेट्रोल आणीत. पाण्याच्या जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरून पडवीत ठेवीत.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. वीज गेली. दूध घालायला माणसे दारात उभी. आबांनी घाईघाईने पडवीतच पेट्रोल ओतायला घेतले. दोन पेले पेट्रोल खाली सांडले. "वाळंल आपोआप," असे म्हणून आबा डबा घेऊन बाहेर गेले.

थोड्या वेळाने सूनबाईंनी आत चूल पेटवायला काडी ओढली. भप्पकन जाळ झाला. तो जाळ जमिनीवरून पळत थेट पडवीपर्यंत गेला. आबा धावत आले. त्यांनी घागरभर पाणी ओतले. आग विझली तर नाहीच, उलट पाण्याबरोबर पसरत ती पाळण्याकडे निघाली! सूनबाईंनी जाळातून जाऊन लेकराला उचलले. आबांच्या मुलाने अंगणातली वाळू घमेल्याने आणून टाकली, तेव्हा कुठे आग विझली.

लेकरू वाचले. पण सूनबाईंचे दोन्ही पाय भाजले. पंधरा दिवस त्या दवाखान्यात होत्या.

पुढे एकदा आबा आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, पेट्रोल सांडलं तिथनं चूल सात-आठ हात लांब. मग पेट घेतला कसा?"

प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर सर्वांनी समजून घ्यावे.

कापूर उघडा ठेवला तर काय होते? तो उडून जातो. पेट्रोलही तसेच उडते, आणि कापरापेक्षा फार लवकर. त्याची वाफ होते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. थंडीच्या दिवसांतही ती होतच असते. पेटते ती ही वाफ. धूर वर जातो, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती पाण्यासारखी जमिनीलगत पसरते. उंबऱ्यावरून आत शिरते, खड्ड्यात साचते. चूल, समई, विडी, विजेच्या बटणाची ठिणगी, जे भेटेल तिथे ती पेट घेते. मग जाळ उलटा पळत पेट्रोलापाशी येतो. आबांच्या घरी हेच झाले.

"म्हंजे डबा लांब ठिवला म्हणून भागत न्हाई," आबा म्हणाले.

अगदी खरे. भिंतीच्या आत असेल तर लांब काय नि जवळ काय!

म्हणून पेट्रोल राहत्या घरात ठेवू नये. तळघरात तर मुळीच नको. घरापासून वेगळी, सावलीची, वारा खेळता राहील अशी जागा करावी. गोठा आणि कडब्याची गंजी जवळ नसावी. दाराला कुलूप असावे.

डबा पेट्रोलसाठीच केलेला, घट्ट झाकणाचा असावा. तो काठोकाठ भरू नये. उन्हाने पेट्रोल फुगते, त्याला थोडी जागा लागते. पंपावर डबा भरताना तो गाडीत ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावा.

सरबताच्या बाटलीत पेट्रोल कधीही भरू नये. तहानलेले लेकरू ती तोंडाला लावते. तसे घडलेच तर ओकारी काढायला लावू नका. लगेच दवाखाना गाठा.

किती ठेवावे? १९३४ सालच्या पेट्रोलियम कायद्यात यावर मर्यादा घातली आहे. विकायचे नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला परवाना लागत नाही. धातूचा डबा २५ लिटरपेक्षा मोठा चालत नाही. पण मुभा आहे म्हणून तेवढे भरून ठेवावे असे नाही. आठवड्याला लागेल तेवढेच आणावे. जुने आधी वापरावे. फार दिवस पडलेले पेट्रोल खराब होते.

डिझेल पेट्रोलइतके चटकन पेटत नाही. पण एकदा पेटले की तेही घर खाते. त्यालाही हेच नियम लावावेत. रिकामा डबाही रिकामा नसतो, त्यात वाफ असते. त्याला आच लावू नये.

जनरेटर घरात किंवा पडवीत चालवू नये. त्याच्या धुरात विषारी वायू असतो, त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. तेल भरायचे तर जनरेटर आधी बंद करावा आणि निवू द्यावा.

आग लागलीच तर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते. आग लहान असेल तर वाळू किंवा माती टाका. मोठी असेल तर माणसे बाहेर काढा, सामानाचा मोह नको. कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा. शाई, चुना काही लावू नका. १०८ क्रमांकाला फोन करा.

आबांनी आता अंगणापलीकडे पत्र्याची लहान खोपी केली आहे. शेजारी वाळूची बादली असते. आबा आमच्या रात्रीच्या वर्गात येतात. त्यांनी लाल रंगाने डब्यावर स्वतः लिहिले, 'पेट्रोल. आग लांब ठेवा.' खाली आणल्याची तारीख घातली. अक्षर वाकडे आहे, पण लांबून वाचता येते. सूनबाईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, "मामंजी, हे आधी लिवलं असतं तर!"

तुमच्या घरी असा डबा आहे का? असेल तर आज पाटी बाजूला ठेवा. ब्रश घ्या आणि त्यावर नाव लिहा.

सांगा पाहू :
१. सात-आठ हात लांबच्या चुलीने आग कशी लागली?
२. पाणी ओतल्यावर आग का पसरली?
३. तुमच्या घरी पेट्रोल कोठे ठेवाल?